कोणते बी पेरावे?

लोणच्यासाठी मोहरी फेसायला घेतली की घरातल्या सगळ्यांच्या नाकाला झिणझिण्या येतात. या ठसकेबाज मोहरीचे एक मवाळ भावंड आहे. त्याचे नाव कॅनोला. दाणा मोहरीसारखाच गोल, काळसर, जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाचा. पण त्याला ठसका नाही. कॅनडाच्या पश्चिम भागात मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा असे तीन प्रांत आहेत. जुलै महिन्यात तिथे गेलात तर क्षितिजापर्यंत कॅनोलाची पिवळी फुले दिसतील. कॅनडात सुमारे ८० ते ९० लाख हेक्टर जमिनीवर हे पीक घेतात. आपल्या महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाव हिश्शाहून हे अधिक झाले!

तिथल्या शेतकऱ्यापुढे दर हिवाळ्यात एक कोडे उभे राहते. बाहेर शेत बर्फाखाली झाकलेले असते आणि घरात टेबलावर बियाण्यांची पुस्तिका उघडलेली असते. तीत डझनावारी वाण आणि प्रत्येकापुढे आकड्यांची रांग. पेरणी मे महिन्यात. एकदा पेरले की वर्षभराचे पीक तेच, कारण थंडीमुळे दुसरे पीक घेता येत नाही. निवड चुकली तर ती ऑगस्टमध्ये कळणार, आणि तेव्हा हातात काही उरलेले नसते. मग कोणते बी पेरावे?

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तुम्ही म्हणाल, “सर, तुमचा आणि बियाण्याचा संबंध काय?” संबंध मोजमापाचा आहे. चला तर, आज आपण त्या शेतकऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसू आणि पुस्तिकेतले आकडे वाचायला शिकू.

कॅनोला आला कुठून?

त्याआधी या पिकाची थोडी ओळख करून घेऊ. कोबी, सलगम, मोहरी ही सारी एकाच कुळातली. कोबीच्या जातीत गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात, तर सलगमच्या जातीत १०. या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून १९ जोड्यांची जी जात निर्माण झाली ती रेपसीड. नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने १९३५ साली हे नाते मांडले. आपली मोहरी अशाच दुसऱ्या एका संकरातून आलेली आहे. तिच्यात १८ जोड्या असतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडात रेपसीडची लागवड वाढली, ती खाण्यासाठी नव्हे. हे तेल वाफेने ओल्या झालेल्या धातूलाही चिकटून राहते. म्हणून जहाजांच्या वाफेच्या इंजिनांसाठी ते उत्तम वंगण होते. युद्ध संपल्यावर हे तेल स्वयंपाकात यावे अशी इच्छा होती, पण दोन अडचणी होत्या. तेलात एरुसिक आम्ल नावाचे मेदाम्ल बरेच होते. उंदरांवरील प्रयोगांत त्याचा हृदयावर वाईट परिणाम दिसला होता. आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट ही द्रव्ये होती. फेसलेल्या मोहरीचा ठसका ज्यांच्यापासून येतो, तीच ही. त्यांच्यामुळे पेंड गुरांना मानवत नसे.

हे दोन्ही दोष काढण्याचे काम सस्काटूनचे कीथ डाउनी आणि विनिपेगचे बाल्डर स्टेफान्सन यांनी केले. त्यांच्या कामातली एक युक्ती तुम्हाला नक्की आवडेल. एखाद्या दाण्यात एरुसिक आम्ल किती आहे हे पाहायचे तर दाणा चिरडावा लागतो, आणि चिरडलेला दाणा उगवत नाही. चांगला दाणा सापडला तरी तो हातचा जायचा! डाउनी आणि त्यांचे सहकारी हार्वे यांनी १९६३ साली यावर तोड सुचवली. या दाण्यात दोन बीजदले असतात. त्यांतल्या बाहेरच्या दलाचा भाग अलगद कापून तेवढाच तपासायचा, आणि अंकुर असलेला उरलेला अर्धा दाणा पेरायचा. तपासणीत आम्ल कमी निघाले की त्या रोपाची पुढे निगा राखायची. दोन मिलिमीटरच्या दाण्यावर ही शस्त्रक्रिया करायची म्हणजे केवढी चिकाटी हवी!

दोन्ही दोष कमी असलेले पहिले वाण १९७४ साली आले. त्याचे नाव ‘टॉवर’. अशा वाणांना १९७८ साली ‘कॅनोला’ हे नाव देण्यात आले. कॅनडाचे, कमी आम्लाचे तेल, असा अर्थ त्यात गुंफला आहे. तेलात एरुसिक आम्ल शेकडा २ पेक्षा कमी असेल तरच कॅनोला म्हणायचे, असा दंडक आहे. आज तिथे बहुतेक संकरित वाण पेरतात. संकरित पिकाचे बी राखून पुन्हा पेरले तर मूळ गुण टिकत नाहीत, म्हणून बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. निवडीचे कोडेही दर वर्षी नव्याने सोडवावे लागते.

पहिला प्रश्न : थंडीच्या आत तयार होईल का?

सस्काटून ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे साडेसोळा तासांहून मोठा दिवस असतो, पण उन्हाळा तोकडा. वसंतातली शेवटची गोठवणारी रात्र आणि शरदातली पहिली गोठवणारी रात्र यांच्यामध्ये साधारण शंभर-सव्वाशे दिवस मिळतात. कॅनोलाला पक्व व्हायला सुमारे शंभर दिवस लागतात. म्हणजे पुस्तिकेत ‘चार दिवस उशिरा’ असे लिहिलेले असले तर ते चार दिवस किरकोळ नव्हेत.

पण रोप काही भिंतीवरची दिनदर्शिका पाहून वाढत नाही. ते उष्णतेचा हिशेब ठेवते. हा हिशेब ‘अंश-दिवस’ या मापाने मांडतात. समजा, आजचे कमाल तापमान २४ अंश सेल्सिअस आणि किमान १० अंश. सरासरी १७ अंश. पाच अंशांखाली कॅनोलाची वाढ जवळजवळ थांबते असे धरून ५ वजा केले की उरले १२. आज रोपाच्या खात्यात १२ अंश-दिवस जमा झाले. उद्या थंड दिवस असेल तर कदाचित चारच जमा होतील. ठरावीक शिल्लक झाल्यावरच फूल येते आणि दाणा पिकतो. म्हणून एकच वाण उबदार गावी लवकर तयार होते आणि थंड गावी रेंगाळते.

दाणा पिकत असतानाच रात्र गोठली तर काय होते? पिकताना दाण्यातले हरितद्रव्य हळूहळू नाहीसे होत असते. त्या क्रियेला दाण्यात ओल लागते. गोठण्यामुळे पेशी मरतात, दाणा भराभर सुकतो आणि हिरवेपणा आतच अडकतो. असे तेल हिरवट निघते. ते शुद्ध करायला खर्च येतो. म्हणून खरेदीच्या वेळी पट्टीवर चिकटवलेले ५०० दाणे रुळाखाली चिरडून पाहतात. पहिल्या प्रतीच्या मालात स्पष्ट हिरवे दाणे शेकडा २ पेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे ५०० मध्ये फार तर १०. अकरावा हिरवा दाणा निघाला की प्रत घसरली आणि भावही घसरला!

दुसरा प्रश्न : माझ्या शेतातल्या रोगापुढे टिकेल का?

कॅनोलाचा एक जुना शत्रू म्हणजे ब्लॅकलेग ही बुरशी. तिच्यामुळे खोडाचा बुंधा काळा पडून कुजतो आणि झाड कोलमडते. वाणाची रोगप्रतिकारशक्ती कशी मोजायची? एखाद्या वर्षी पाऊस जास्त पडला तर सगळ्याच वाणांवर रोग जास्त दिसतो. कोरड्या वर्षी सगळीच निरोगी वाटतात. यावर उपाय तुम्हाला माहीत असलेलाच आहे. विशिष्ट गुरुत्व काढताना आपण पदार्थाची तुलना पाण्याशी करतो ना? इथे पाण्याची जागा ‘वेस्टार’ या जुन्या वाणाने घेतली आहे. वेस्टार या रोगाला चटकन बळी पडते. प्रत्येक चाचणीत ते मुद्दाम शेजारी पेरतात. वेस्टारवरच्या रोगाची तीव्रता १०० धरली आणि नव्या वाणावर ती ३० पेक्षा कमी भरली तर ते वाण प्रतिकारक. ३० ते ४९ असेल तर मध्यम प्रतिकारक. ७० किंवा त्याहून जास्त असेल तर रोगाचे सोपे भक्ष्य. शेतकरी बाजारात न घेणारे हे वाण मोजपट्टी म्हणून कामी आले, ही गंमतच नव्हे का?

दुसरा शत्रू क्लबरूट. तो मुळांवर मोठमोठ्या गाठी आणतो. मग झाडाला पाणी मिळेनासे होते. अल्बर्टात एडमंटनजवळच्या कॅनोलाच्या शेतांत तो २००३ साली सापडला. त्याचे बीजाणू मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात आणि यंत्रांच्या चाकांना चिकटलेल्या मातीबरोबर शेतोशेती फिरतात. सुमारे सहा वर्षांनी प्रतिकारक वाण बाजारात आले. शेतकऱ्यांना हायसे वाटले. पण २०१३ साली काही शेतांत त्या वाणांच्या मुळांवरही गाठी दिसल्या!

असे का झाले असेल? मातीत रोगजंतूंचे अनेक प्रकार असतात. प्रतिकारक वाण त्यांतल्या बहुतेकांना अडवते, पण एखादा विरळा प्रकार निसटतो. तेच पीक, त्याच प्रतिकारशक्तीचे, पुन्हा पुन्हा पेरले की त्या विरळ्या प्रकाराची संख्या वाढत जाते. याचा अर्थ असा की वाणाची प्रतिकारशक्ती ही काही कुलपासारखी कायमची वस्तू नव्हे. ती उधळपट्टीने वापरली तर संपते. स्वतःच्याच शेतात नव्हे, शेजाऱ्याच्याही. म्हणून कॅनोलानंतर दोन-तीन वर्षे गहू, बार्ली, वाटाणा अशी दुसरी पिके घेणे हा वाण निवडण्याचाच एक भाग आहे.

तिसरा प्रश्न : उतारा कोणाचा जास्त?

आता सर्वांत मोहात पाडणारा रकाना. समजा, पुस्तिकेत असे लिहिले आहे : वाण ‘अ’, हेक्टरी २३ क्विंटल, वाण ‘ब’, हेक्टरी २४ क्विंटल. तुम्ही कोणते घ्याल? ‘ब’ असे उत्तर तोंडावर आले असेल तर जरा थांबा. तुमच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपरने एकाच गोळीचा व्यास पाच वेळा मोजला तर पाच किंचित वेगळी उत्तरे येतात. मग शेतात तर माती, ओल, उतार, पाखरे, सगळेच जागोजागी वेगळे. तिथे किती फरक पडत असेल?

म्हणून चाचणीत प्रत्येक वाण एकाच वाफ्यात पेरत नाहीत, अनेक वाफ्यांत पेरतात. समजा, आठ वाफे होते आणि त्यांत असा उतारा आला (आकडे काल्पनिक आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत) :

वाण ‘अ’ : २०, २४, २२, २६. सरासरी २३.
वाण ‘ब’ : २३, २१, २७, २५. सरासरी २४.

नीट पाहा. एकट्या ‘अ’च्याच दोन वाफ्यांत २० आणि २६, म्हणजे ६ क्विंटलांचा फरक आहे. बी तेच, तरी फरक सहाचा! आणि दोन वाणांच्या सरासरीत फरक फक्त एकाचा.

हा एक क्विंटल बियाण्याचा गुण की वाफ्यांचा योगायोग? हे ठरवायला एक सुंदर युक्ती आहे. घटकाभर असे माना की दोन्ही वाण अगदी सारखे आहेत, आणि हे आठ आकडे केवळ वाफ्यांचे आहेत. मग त्यांतले कोणतेही चार ‘अ’च्या वाट्याला येऊ शकले असते. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. या ७० प्रकारांपैकी किती प्रकारांत दोन सरासऱ्यांमधला फरक एक किंवा त्याहून जास्त येतो? मोजून पाहिले तर उत्तर येते ४८! म्हणजे बियाण्यात काडीचाही फरक नसला तरी ७० पैकी ४८ वेळा एवढा फरक आपोआप दिसला असता. तेव्हा या एका क्विंटलाच्या जोरावर ‘ब’ला श्रेष्ठ म्हणता येत नाही.

याउलट, ‘अ’ला २०, २१, २२, २३ आणि ‘ब’ला २४, २५, २६, २७ असे आकडे आले असते तर? मग फरक चारचा. इतका फरक ७० पैकी दोनच प्रकारांत येतो. एकदा ‘ब’च्या बाजूने, एकदा ‘अ’च्या. आता मात्र ‘ब’मध्ये काही तरी आहे असे मानायला जागा आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि हे दोन्ही आकडे पडताळून पाहा. कंटाळा येईल, पण पटेल.

हा विचार रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाचा. १९१९ साली ते इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती-संशोधन केंद्रात रुजू झाले. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांच्या आखणीवरील पुस्तकात त्यांनी एका बाईंचे उदाहरण दिले आहे. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे आपण चवीवरून सांगू शकतो, असा त्या बाईंचा दावा. फिशर यांनी चाचणी सुचवली ती आठ कपांची : चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या. बरोबर ओळखले मग ते केवळ नशिबाने असण्याची शक्यता किती? ७० मध्ये एक! कप काय आणि वाफे काय, गणित तेच.

फिशर यांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला. कोणत्या वाफ्यात कोणते वाण हे माणसाने मनाने ठरवायचे नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. नाहीतर नकळत आवडत्या वाणाला चांगली जमीन मिळते. शेताच्या एका कडेला जमीन सकस आणि दुसऱ्या कडेला हलकी असेल तर शेताचे पट्टे पाडायचे, आणि प्रत्येक पट्ट्यात सर्व वाण घ्यायचे. मग तुलना एकसारख्या जमिनीवर होते.

शेतीच्या प्रयोगांचे हे शास्त्र आपल्या देशातही रुजले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. कृषि महाविद्यालयांतून तो वर्षानुवर्षे अभ्यासला गेला.

आता आपल्या कॅनडातल्या शेतकऱ्याकडे वळू. तिथे शेतकऱ्यांच्या संघटनांच्या पुढाकाराने २०११ पासून कॅनोलाच्या वाणांच्या स्वतंत्र चाचण्या सुरू झाल्या. अशा चाचण्यांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो : सरासऱ्यांत निदान किती फरक असेल तर तो खरा मानावा. तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, आणि घाईघाईने वाचणारा नेमका तोच गाळतो! शिवाय एकाच गावची, एकाच वर्षाची चाचणी पुरत नाही. ओल्या वर्षात पहिले आलेले वाण कोरड्या वर्षात मागे पडू शकते. अनेक ठिकाणी आणि अनेक वर्षे जे वरच्या घरात राहते त्याच्यावर भरवसा ठेवावा.

पोत्यात वजन किती आणि दाणे किती?

शेवटी एक सोपा हिशेब. बी वजनावर मोजले तर फसगत होते. एका वाणाचे हजार दाणे ४ ग्रॅम भरतात, दुसऱ्याचे ६ ग्रॅम. २२.७ किलोच्या पोत्यात पहिल्याचे सुमारे ५७ लाख दाणे मावतात, दुसऱ्याचे फक्त ३८ लाख.

एका चौरस मीटरमध्ये ६५ रोपे हवी आहेत आणि शंभरातले ६० दाणे उगवून रोप होते असे धरू. मग चौरस मीटरला ६५ भागिले ०.६, म्हणजे सुमारे १०८ दाणे पेरावे लागतील. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. हिशेब करा : पहिले पोते १३ एकरांना पुरेल, दुसरे जेमतेम साडेआठ एकरांना. पोत्यांवरची किंमत सारखी असली तरी एकरी खर्च सारखा नाही!

याखेरीजही शेतकरी दोन गोष्टी पाहतो. शेंग वाळताना तिच्या टरफलांत ताबलेल्या स्प्रिंगसारखा ताण साठतो. वारा लागला की ती फुटून दाणे मातीत जातात. शेंगा सहज न फुटणारे वाण उभ्यानेच कापता येते. आणि ते वाण कोणत्या तणनाशकाला दाद देत नाही हेही पाहावे लागते. गेल्या वर्षी सांडलेले दाणे या वर्षी तण म्हणून उगवतात. दोन्ही वर्षी एकाच तणनाशकाला न जुमानणारे वाण पेरले तर ते तण त्या औषधाने मरणार कसे?

करून पाहा

आठ सारखे डबे किंवा करवंट्या घ्या. सर्वांत एकाच ढिगातली माती भरा आणि प्रत्येकात मोहरीचे २० दाणे पेरा. मोहरी एकाच पुडीतली असू द्या. आता चिठ्ठ्या टाकून चार डब्यांवर ‘अ’ आणि चारांवर ‘ब’ लिहा. सर्वांना सारखे पाणी द्या. सहाव्या दिवशी प्रत्येक डब्यातली रोपे मोजा आणि दोन्ही गटांची सरासरी काढा.

दोन्ही गटांत बी एकच आहे. तरीही सरासऱ्या बहुधा सारख्या येणार नाहीत. हा फरक कशाचा, ते आता तुम्हाला सांगायला नको. तो वहीत लिहून ठेवा. मग हाच प्रयोग बारीक मोहरी आणि जाड मोहरी घेऊन करा, आणि नवा फरक जुन्या फरकापेक्षा पुरेसा मोठा आहे का ते ताडून पाहा.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला सांगितले की अमुक बी तमुक बियापेक्षा जास्त पिकते, मग ते कॅनोला असो, सोयाबीन असो की भात, तर त्यांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा : किती वाफ्यांत पाहिले? किती ठिकाणी आणि किती वर्षे? आणि एकाच बियाच्या दोन वाफ्यांत किती फरक होता? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर तो आकडा पुरा. नाही मिळाली तर तो अर्धाच आहे, आणि अर्ध्या आकड्यावर कुणाचे वर्षभराचे पीक पणाला लावायचे नसते.